सान रोक्कूच्या कुत्र्याचा पट्टा

घोडागाडी हाकणाऱ्या चेन्सूकाकांच्या सांगण्यानुसार सान रोक्कूच्या रस्त्याचे काम गेली वीसेक वर्षे चालू होते. जहाजातून उतरलेल्या एखाद्या चौकस पाहुण्याने नकाशावर बोट ठेवून विचारले, की हा सरळ रस्ता सोडून आपण तटबंदीला वळसा का घालतो आहोत, तर काका चाबूक छातीशी धरून आपल्या मोडक्या इंग्रजीत मोठ्या दुःखाने सांगत, "रस्ता बंद. फार मोठा खड्डा." मी परवाना असलेली गाइड आहे. माझ्या गळ्यात सरकारी बिल्ला असतो आणि त्या बिल्ल्यासकट खोटे बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून अशा वेळी मी पाहुण्यांचे लक्ष दुसऱ्या बाजूच्या लाकडी सज्जांकडे वळवत असे.

खड्डा अर्थातच नव्हता. आमच्या व्हॅलेटा शहरात घोडागाडी नीट उतरू शकेल असे रस्ते मोजके आहेत, आणि बंदराकडे नाकासमोर उतरणारा हा त्यांतला सर्वांत चांगला. अडचण एवढीच होती, की त्या रस्त्याच्या मध्यावर सान रोक्कूचे चर्च होते आणि चेन्सूकाका सान मार्तिनचे होते.

आमच्या बेटावर माणूस आधी एका संताचा असतो, मग आईबापांचा. काकांच्या मोहल्ल्यात दोन संत, दोन मंडळे, दोन बँड. सान मार्तिनवाले लाल, सान रोक्कूवाले निळे. सान मार्तिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला, हे सगळ्या जगाला पुण्यकर्म वाटते. निळ्यांना मात्र त्यात चिक्कूपणा दिसतो. "द्यायचाच होता तर पुरता द्यायचा, अर्धा कुणासाठी ठेवला?" सान रोक्कू प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःच रानात आजारी पडला, तेव्हा एका कुत्र्याने त्याच्या जखमा चाटल्या आणि तोंडात धरून त्याला भाकर आणून दिली. त्यावर लाल म्हणणार, "कुत्र्याच्या उष्ट्यावर जगलेला संत!" मी खाडीपलीकडच्या स्लीमा गावची, म्हणजे दोघांच्याही मते जवळजवळ नास्तिक. त्यामुळे दोन्हीकडे माझी ये-जा होती.

यात भर म्हणून काकांची धाकटी बहीण ज्योर्जिना सान रोक्कूच्या फ्रेडूला दिलेली. फ्रेडूकडे त्या चर्चच्या किल्ल्या असतात. एका नोव्हेंबरात सान मार्तिनची मिरवणूक कोपऱ्यावर आली असताना फ्रेडूने सान रोक्कूची मोठी घंटा एकसारखी वाजवून लालांचा बँड बुडवून टाकला. पुढच्या ऑगस्टात, ऐन सान रोक्कूच्या सणाच्या सकाळी, काकांच्या तेव्हाच्या घोड्याने नेमकी त्या चर्चच्या दारासमोर लीद टाकली. काका म्हणतात, घोड्याला पंचांग कळत नाही. तेव्हापासून मेव्हणे-मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. नाताळच्या जेवणाला एका टेबलाशी बसतात आणि "ज्योर्जिना, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव," असा त्यांचा व्यवहार चालतो. मीठ दोघांच्या मधोमध असते.

त्या ऑक्टोबरात एक मोठे पांढरे जहाज सकाळी लागले होते आणि दुपारी दीडला सुटणार होते. एवढ्या वेळात माणसांना शहर दाखवायचे म्हणजे त्यांना शहराच्या अंगावरून हात फिरवून परत आणण्यासारखे आहे. पण आमचा हंगाम त्यावरच चालतो. माझ्या वाट्याला मिसेस हॉलोवे नावाच्या मेलबर्नच्या एक बाई आल्या. वय ऐंशीच्या आसपास, डोक्यावर परातीएवढी पांढरी टोपी, हातात काठी आणि पोटाशी घट्ट धरलेली एक चामडी पिशवी. मुलगी बरोबर होती, पण ती जहाजावर मालिश करून घेत होती. "तिला सांगितलंय, मी चित्रं बघायला जातेय," बाई मला इंग्रजीत म्हणाल्या. "चित्रांचं नाव काढलं की ती मागे येत नाही."

त्यांनी घोडागाडी मागितली. रांगेत पहिली गाडी काकांची होती. बारूनी, म्हणजे काकांचा घोडा, डोक्यावर लाल पिसांचा तुरा मिरवत उभा होता. बाई त्या तुऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या, त्यांचे ओठ मिटले, आणि एक अक्षर न बोलता त्या गाडीत चढल्या.

पहिला तासभर मी माझे काम केले. बागेतून बंदर दाखवले, मोठे चर्च दाखवले, एका टपरीवर पास्तिझी खायला घातल्या. वाटाण्याच्या सारणाची ती गरम, पापुद्र्यांची करंजी परदेशी माणसे खातात तेव्हा कपडे झटकण्यातच त्यांचा वेळ जातो. या बाईंनी हनुवटीखाली हाताचा द्रोण धरला आणि एक पापुद्रा खाली पडू दिला नाही. ते मी पाहिले. पण त्यातून काय घ्यायचे ते मला सुचले नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, मी काहीही दाखवले तरी बाई एकच प्रश्न विचारत: "आणि तो खालचा घुमट कुणाचा?"

तिसऱ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा आम्ही तटबंदीच्या वळणावर होतो. घरांच्या गच्च्यांमधून सान रोक्कूचा घुमट समोरच दिसत होता.

"बंद आहे, मॅडम," काका इंग्रजीत म्हणाले. "रस्ता पण बंद. मोठा खड्डा. चर्चमध्ये वाळवी." मग आमच्या भाषेत, घोड्याच्या कानाशी बोलावे तसे, ते पुटपुटले, "काय बघायचंय तिथं, बारूनी? कुत्र्याच्या लाळेवर वाढलेली माणसं!"

मागून आवाज आला. आमच्याच भाषेत, पण अशा शब्दांत, जे मी फक्त माझ्या पणजीच्या तोंडून ऐकले होते.

"अरे ए अर्ध्या झग्याच्या! भिकाऱ्याला अख्खं फडकं देताना तुझ्या संताच्या जिवावर आलं, नि तू आमच्या कुत्र्याला नावं ठेवतोस? जीभ झडंल तुझी मेल्या!"

बारूनी आपणहून थांबला. काका वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती, आश्चर्य आणि कुठेतरी, मला शपथेवर सांगता येईल, आदरही होता. असली शिवी या शहरात कित्येक वर्षांत कोणी दिली नव्हती.

"बाई, तुम्ही... इथल्या?"

"इथली म्हणजे? त्या घुमटाखाली माझा बाप्तिस्मा झालाय. कोन्चेत्ता मी. कुत्रेवाल्यांची."

आमच्याकडे आडनावाला कोणी विचारत नाही. घराण्याला पडलेले नाव खरे. सान रोक्कूच्या मूर्तीतल्या कुत्र्याचा पाय एकदा मिरवणुकीत मोडला होता आणि तो ज्या सुताराने जोडला, त्याच्या घराण्याला 'कुत्रेवाले' हे नाव कायमचे चिकटले. सगळे कुटुंब दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला गेले, एवढेच लोकांना माहीत होते.

"मग सकाळपासून इंग्रजी कशाला झाडत होता?" काकांनी विचारले.

"तुझा लाल तुरा बघितला नि तोंड मिटलं. म्हटलं, परकी बाई समजून तरी तिथवर नेशील. तर तू खड्डे खणत बसलास!"

मग त्यांनी पिशवी उघडली आणि मलमलीच्या फडक्यातून एक पट्टा बाहेर काढला. काळ्या जाड चामड्याचा, त्यावर चांदीच्या फुलांची ओळ, पुढे चांदीचेच बक्कल. कुत्र्याचा पट्टा.

ऑस्ट्रेलियाचे जहाज सुटायच्या आदल्या आठवड्यात सहा वर्षांच्या कोन्चेत्ताला विषमज्वर झाला होता. डॉक्टरने हात टेकले होते. आईने सान रोक्कूला नवस बोलला: पोर जगून पलीकडे पोचली, तर तुझ्या कुत्र्याला चांदीचा पट्टा करीन, आणि तिच्याच हाताने घालायला लावीन. पोर जगली, पोचली. आईने दुसऱ्यांचे कपडे शिवून शिवून पट्टाही केला. परत येणे मात्र झाले नाही. "मरताना माझा हात धरून म्हणाली, कोन्ची, तेवढं राहिलं बघ. मला विमान वर्ज्य आहे, छातीमुळे. मुलीने ही सफर काढली तेव्हा मी बंदरांची नावं वाचली नि हो म्हटलं. मला बाकी काही बघायचं नाही. मी पुन्हा येणार नाही, पोरी."

आता प्रश्न सरळ होता. चर्च बाराच्या तोफेला बंद होते ते चारला उघडते, आणि जहाज दीडला सुटते. बारा वाजायला फारसा अवकाश नव्हता.

"काका," मी म्हणाले, "चला."

काका बराच वेळ लगामाशी चाळा करत बसले. "माझ्यावर शपथ आहे, पोरी. बाबा गेले तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, चेन्स, आपल्या बुटाची धूळ त्या उंबऱ्याला लागता कामा नये."

"तुला कोण आत बोलावतंय?" बाई म्हणाल्या. "दारापर्यंत ने."

"रस्त्यात तरी कसा जाऊ? सज्जातून सगळी बघतील."

बाईंनी काठी टेकली आणि त्या गाडीतून उतरू लागल्या. त्यांना उतरताना पाहणे हीच एक शिक्षा होती. उतरून त्या चालू लागल्या, आणि काका गाडी त्यांच्या चालीने शेजारून हाकत, त्यांना समजावत राहिले.

"बसा हो, बाई. पडाल."

"पडीन. सान रोक्कूच्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडीन."

"खड्डा नाही तिथं!"

"मग चल की!"

कोपऱ्यावर आल्यावर बाई थांबल्या. धाप लागली होती. "शपथ तुला आहे ना? घोड्याला आहे का?"

काकांनी विचार केला. ते प्रामाणिक मनुष्य आहेत. "घोड्याला नाही."

"मग घोड्याला जाऊ दे. तू डोळे मीट."

आणि खरोखर, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले, काकांनी बाईंना गाडीत घेतले, टोपी नाकापर्यंत ओढली आणि लगाम सैल सोडला. बारूनीला तो रस्ता ठाऊक नव्हता, पण उतार कोणत्याही घोड्याला कळतो. लाल तुरा डुलवत तो सान रोक्कूच्या रस्त्यात शिरला. वरच्या सज्जातून पाववाल्यासाठी दोरीने सोडलेल्या टोपल्या अर्ध्यावरच थबकल्या. "अगं बाई, हा चेन्सू ना? झोपलाय की मेलाय?" असे एक वाक्य वरून पडले. काकांनी टोपी आणखी खाली ओढली.

आम्ही दारापाशी पोचलो आणि तटावरची तोफ झाली. तोफ झाली की बारूनी जागच्या जागी उभा राहतो आणि चंदीची पिशवी तोंडाला लागेपर्यंत हलत नाही. ही त्याची वर्षानुवर्षांची शिस्त. तो नेमका दारासमोर उभा राहिला. दारात फ्रेडू होता. त्याने एक कवाड लावले होते, दुसरे लावत होता. घोडा पाहून त्याची नजर आधी आपसूक जमिनीकडे, घोड्याच्या मागल्या पायांपाशी गेली.

"स्तेला," तो मला म्हणाला, "या माणसाला सांग, चर्च बंद झालंय. आणि घोडा हलवायला सांग. आमचा अनुभव वाईट आहे."

"पोरी," काका टोपीखालून म्हणाले, "त्याला सांग, घोडा जेवल्याशिवाय हलत नाही. आणि मी इथं आलेलोच नाही."

मी दोघांनाही काही न सांगता बाईंना खाली उतरवले आणि फ्रेडूला सगळी हकीकत सांगितली. तो नियमांची पाटी वाचून दाखवावी तसा बोलू लागला: काचेचे कपाट फादरच्या परवानगीवाचून उघडता येत नाही, फादर शेजारच्या गोझो बेटावर गेलेत, तिकडे फोन लागत नाही. मग त्याने पट्टा पाहिला. चांदीवर ऊन पडले होते. सान मार्तिनच्या घोड्याला चांदीचा लगाम आहे आणि सान रोक्कूच्या कुत्र्याच्या गळ्यात काहीही नाही, ही गोष्ट निळ्यांना किती वर्षे सलत होती, ते मला त्या क्षणी कळले.

"कुत्रेवाल्यांची कोन्चेत्ता?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या आजोबांनी जोडलेला पाय अजून घट्ट आहे, मावशी." तरीपण नियम त्याला सोडवत नव्हता. "फादरना विचारल्याशिवाय..."

समोरच्या सज्जाची खिडकी धाडकन उघडली. ज्योर्जिना, हातात डाव. "फ्रेडू! म्हातारी एवढा समुद्र ओलांडून आलीय, नि तू फादर फादर करतोस? उघड ते कपाट. नाहीतर आज रात्री तुला फादरच जेवायला वाढेल!"

फ्रेडूने दुसरे कवाड उघडले. "बाई आत येऊ दे. गाडीवाला बाहेर."

"त्याला सांग, मला कोण आत येतंय!" काका म्हणाले.

आत गारवा होता आणि मेणाचा वास. फ्रेडूने काचेचे दार उघडले. सान रोक्कू मांडीवरची जखम दाखवत उभा होता. पायाशी कुत्रा, मान वर करून, तोंडात भाकर धरून. कोन्चेत्ताबाई थबकल्या.

"हा?" त्या म्हणाल्या. "एवढासा?"

परदेशात राहून आठवणी झिजतात असे म्हणतात. त्यांच्या आईच्या आठवणीतला कुत्रा मात्र वर्षागणिक वाढत गेला असला पाहिजे. बाईंनी वाकून पट्टा घातला, बक्कल शेवटच्या भोकात लावले, आणि पट्टा सरळ घसरून कुत्र्याच्या छातीवरून पुढच्या पायांत जाऊन पडला. तो वासराच्या मापाचा होता.

"दोरीने बांधू," फ्रेडू घाईने म्हणाला. "मागून. दिसणार नाही."

"दोरीने?" बाईंचा आवाज इतका बारीक झाला, की मला त्यांच्या शिव्यांची आठवण येऊन वाईट वाटले. "आईच्या नवसाला दोरी?" त्या जवळच्या बाकावर बसल्या आणि पट्टा मांडीवर घेऊन नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. दुपारची वेळ, सोनारांची दुकाने बंद. मला एकच माणूस ठाऊक होता, ज्याच्या आसनाखाली आरी, हातोडी आणि मेणाचा दोरा असलेली पेटी कायम असते, कारण जुने खोगीरसामान वाटेत कुठेही तुटते.

मी बाहेर आले. बारूनी चंदी खात होता. काका त्याच्या आडोशाला, सज्जांकडे पाठ करून उभे होते.

"भोक?" काका म्हणाले. "मी? सान रोक्कूच्या कुत्र्याच्या पट्ट्याला?"

"एकच भोक, काका."

त्यांनी घोड्याकडे पाहिले, जणू त्याचा सल्ला हवा होता. मग पेटी काढली. "माप आणायला सांग त्याला. गळ्याचं. मी दाराबाहेरून करीन."

फ्रेडूने मेणबत्तीला बांधलेल्या फितीने माप घेतले आणि मी ते उंबऱ्यापलीकडे दिले. काकांनी गाडीच्या पायरीवर पट्टा ठेवून नेटके भोक पाडले. फ्रेडूने तो आत घालून पाहिला: पुन्हा घसरला.

"त्याला सांग, मान वाकडी आहे, माप तिरकं घ्यायला हवं!" काका बाहेरून ओरडले. "किल्ल्या सांभाळतो म्हणे, कुत्र्याची मान ठाऊक नाही!"

"त्याला सांग," फ्रेडू आतून ओरडला, "मी घोड्यांमध्ये वाढलेलो नाही!"

दुसरे माप, दुसरे भोक. आता तो इतका आवळ झाला, की बक्कल लागेना. घड्याळ पुढे सरकत होते. बाई बाकावर बसून मलमलीच्या रिकाम्या फडक्याच्या घड्या घालत होत्या. दारातून ते काकांना दिसत असावे, कारण त्यांनी आरी खाली ठेवली आणि ते गाडीच्या पायरीवर बसून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"काका, हे काय?"

"बाबा म्हणाले होते, बुटाची धूळ. बूट बाहेर राहतील."

त्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवले, मोजे त्यांत खोचले, टोपी काखेत घेतली, आणि अनवाणी पायांनी सान रोक्कूचा उंबरा ओलांडला. सज्जांतून सगळ्यांनी एकदम घेतलेला एक मोठा श्वास ऐकू आला. बुटांचा हिशेब त्या बायांना कसा कळावा? आमच्याकडे चर्चमध्ये अनवाणी एकच माणूस जातो: ज्याला आपल्या पापाचे प्रायश्चित्त घ्यायचे असते.

आत काका कुत्र्यासमोर गुडघे टेकून बसले. दुसरा मार्गच नव्हता, कुत्रा तेवढाच उंच होता. त्यांनी दोन बोटे त्याच्या गळ्याखालून फिरवली, बारूनीला नवा पट्टा चढवताना फिरवतात तशी. "इथं. पट्टा इथं धर." फ्रेडूने धरला. "नीट धर की! हलतोय." "धरलाय! तू टोच." "बोट काढ, लागेल." "लागू दे, टोच!" आरी चामड्यात गेली. त्या दोघांनी कित्येक वर्षांनी एकमेकांना उद्देशून काढलेले हे पहिले शब्द होते; पण दोघांच्याही ते ध्यानात आले नसावे आणि ध्यानात आणून देण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

काकांनी जादा चामडे सुरीने कापले आणि पट्टा बाईंच्या हातात दिला. "तुमच्या हाताने, बाई. नवस तुमच्या हातचा आहे."

कोन्चेत्ताबाई उठल्या. त्यांनी पट्टा घातला, बक्कल लावले, आणि हात बाजूला केले. पट्टा जागच्या जागी राहिला. चांदीची फुले कुत्र्याच्या छातीवर नीट बसली. भाकर तोंडात धरलेला तो लहानसा प्राणी एकाएकी कुणाच्या तरी घरचा दिसू लागला.

"पोचलं गं," बाई म्हणाल्या. संताकडे त्यांनी पाहिलेही नाही. बराच वेळ त्या कुत्र्याच्या जोडलेल्या पायावर हात ठेवून उभ्या होत्या. फ्रेडू किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून, तो वाजणार नाही अशा बेताने उभा होता.

तेवढ्यात बंदरातून भोंगा झाला. माणसांना परत बोलावणारा शेवटचा भोंगा. वळशाच्या रस्त्याने आम्ही कोणत्याही परिस्थितीत वेळेवर पोचलो नसतो. काकांनी ते माझ्याआधी ओळखले. बाईंना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवून त्यांनी लगाम हाती घेतला आणि टोपी मागे सारून, सज्जांच्या देखत, उघड्या डोळ्यांनी सान रोक्कूच्या सरळ रस्त्याने गाडी खाली सोडली. बारूनी धावला, तुरा वाऱ्यावर आडवा झाला. बाई एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरून हसत होत्या.

"खड्डा कुठाय रे?" त्या ओरडल्या.

"बुजवला, बाई! आत्ताच बुजवला!"

जहाजाच्या शिडीपाशी त्यांची मुलगी काळजीने लालबुंद होऊन उभी होती. "आई, कुठे होतीस? चित्रं एवढा वेळ बघतात का?"

"एकच बघितलं," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पण नीट बघितलं." मग काकांकडे वळून आमच्या भाषेत, सगळ्यांसमोर: "अर्ध्या झग्याच्या, तुझं भलं होवो." आणि त्या शिडी चढू लागल्या, हळूहळू, मागे न पाहता. वर पोचल्यावर तेवढी त्यांनी टोपी हलवली.

तेव्हाच आमचे लक्ष काकांच्या पायांकडे गेले. बूट सान रोक्कूच्या दारात राहिले होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळले, की सान मार्तिनच्या चेन्सूने लीदेच्या पापाबद्दल सान रोक्कूपुढे अनवाणी गुडघे टेकून माफी मागितली. सान मार्तिन मंडळाची तातडीची सभा भरली. मंडळाच्या खोलीत मला साक्षीला बोलावले होते. आमच्यापुढे थंड पेये ठेवली होती आणि कोणी ती पीत नव्हते. अध्यक्षांनी काकांना उभे करून विचारले, हे खरे आहे काय. काका जुन्या चपला घालून आले होते. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे, झगा कापणाऱ्या घोडेस्वाराकडे बोट केले.

"यांनी थंडीत कुडकुडणाऱ्याला अर्धा झगा दिला. तो भिकारी कुठल्या मोहल्ल्याचा, विचारलं नाही. मी एका कुत्र्याला एक भोक दिलं."

"तीन," मी म्हणाले. साक्षीदाराने खरे बोलावे.

"दोन चुकली ती माझी नाहीत," काका म्हणाले. "माप घेणाऱ्याची."

सभेला यावर ठराव करता आला नाही.

बूट मात्र तिथेच होते. काका ते आणायला जाईनात, कारण त्या दाराशी पुन्हा गेले, तर लोक त्याला दुसरी माफी म्हणाले असते. आणि फ्रेडू ते आणून देईना, कारण लालांचे बूट हातात घेऊन भर रस्त्याने जाणे त्याला शक्य नव्हते. ज्योर्जिनाने साफ सांगितले, की मी मीठ खूप वर्षे सरकवले, बूट सरकवणार नाही. जहाजे येत होती, जात होती. काका चपलांत गाडी हाकत होते. पाहुण्यांनी नकाशावर बोट ठेवले, की चाबकाने दाखवून सांगत होते, "रस्ता चालू झालाय. काम चांगलं केलंय." आणि सरळ रस्त्याने उतरताना चर्चसमोर तेवढे दुसरीकडे पाहत होते.

एका सकाळी फ्रेडू धक्क्यावर आला. काखेत कागदात गुंडाळलेले काहीतरी. आमच्या गाडीपाशी उभा राहिला, मला म्हणाला, "स्तेला, याला सांग..." आणि थांबला. मी नेमकी त्या वेळी बिल्ल्याची दोरी नीट करण्यात गुंतले होते. फ्रेडूने कागद सोडला. बूट होते, आणि इतके चमकत होते, की बारूनीने कान टवकारले.

"तुझे बूट," तो काकांना म्हणाला.

काकांनी एक बूट हातात घेतला, उलटा केला, टाच पाहिली, पुन्हा सुलटा केला. "पॉलिश कुणी केलं?"

"कुणी नाही," फ्रेडू म्हणाला. "दारात होते ना इतके दिवस. कुत्र्याने चाटलेत."

काका गंभीर चेहऱ्याने गाडीच्या पायरीवर बसले, चपला काढल्या, आणि बूट चढवत म्हणाले, "लाळ बरी आहे तुमच्याकडची."